मदत हवी आहे: गिट लॉगमध्ये मराठी कमिट मेसेज सापडत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून आडत्यांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. कोडमधले बदल गिटमध्ये नोंदवतो; प्रत्येक नोंदीसोबतचा (कमिटसोबतचा) मजकूर, म्हणजे कमिट मेसेज, पहिल्यापासून मराठीतच. गेल्या वर्षी शेतकऱ्यांच्या पट्टीत (मालाच्या विक्रीच्या हिशेबात) हमाली दोनदा कापली जात होती, ती चूक मीच दुरुस्त केली होती. या आठवड्यात तीच चूक पुन्हा उगवली. पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात, त्यामुळे जिवाला घोर लागलाय. जुनी दुरुस्ती शोधायची आहे.

हे करून पाहिलं:

गिट लॉग --ऑल --वनलाइन --ग्रेप='शेतकऱ्यांच्या'

यंदाचे कमिट येतात, जुने एकही नाही. लॉग खाली सरकवला की तोच शब्द जुन्या मेसेजमध्ये डोळ्यांना स्वच्छ दिसतो! नुसतं 'हमाली' शोधलं तर शंभरावर कमिट येतात. काय चुकतंय?

प्रतिसाद १
मधे कीबोर्ड बदललात का? 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण गिट बाइट जुळवतं, रूप नाही. जुना मेसेज एक्सएक्सडीमधून (बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या कमांडमधून) काढून बघा, ई2 80 8डी दिसलं तर तोच जॉइनर. शोधताना ती जागा मोकळी सोडा: --ग्रेप='शेतक.*यांच्या'

प्रतिसाद २
किंवा ते अक्षरच टाळा. --ग्रेप='हमाली' --ग्रेप='दोनदा' --ऑल-मॅच. शेवटचा पर्याय विसरू नका, नाहीतर दोनपैकी एक शब्द असलेले सगळे कमिट येतील. मेसेजवर भरवसा नसेल तर -एस (मोठा एस) देऊन वजावटीच्या फंक्शनचं नाव शोधा. ते कोडमध्ये कुठे आलं, कुठे गेलं ते कळेल.

धागाकर्ता
सापडला! जुन्या लॅपटॉपवर वेगळा कीबोर्ड होता, मेसेजमध्ये जॉइनर निघाला. --ऑल-मॅचनेही तोच कमिट आला. मग तो कोणत्या ब्रँचवर (कोडच्या शाखेवर) आहे ते बघायला गिट ब्रँच --कंटेन्स चालवलं, तर तो एकाच जुन्या ब्रँचवर. मुख्य ब्रँचमध्ये कधी मर्जच झाला नव्हता. त्या वेळी आडत्यांना थेट त्या ब्रँचवरूनच बिल्ड दिला होता, म्हणून इतके दिवस कळलं नाही. आत्ता चेरी-पिक केलाय, म्हणजे तेवढा एकच कमिट मुख्य ब्रँचवर आणलाय. चुकलेल्या पट्ट्यांची यादी काढतोय, उद्या आडत्यांना फोन करून फरकाची रक्कम परत द्यायला सांगतो. दोघांचेही मनापासून आभार.