जुनी मोसंबी काढून त्याच जागी परत मोसंबी, मातीत गॅस सोडायचा का?

मोकळा_बांध:
नमस्कार मंडळी. आमची मोसंबीची बाग बरीच जुनी झालीये, फळ बारीक येतंय, शेंडे वाळत चाललेत, खतपाणी सगळं वेळेवर असूनही झाडं काही उठत नाहीत म्हणून काढायचं ठरवलंय. जमीन तेवढीच, त्यामुळे त्याच जागी परत मोसंबी लावावी लागणार. एक जण म्हणतो डायरेक्ट लावलीत तर नवीन रोपंपण खुरटतील, आधी फ्युमिगेशन करा, म्हणजे मातीत विषारी गॅस सोडून रोगकिडी मारा. दुसरा म्हणतो खड्ड्यात फॉर्मॅलिन हे जंतुनाशक ओता, काम झालं. नेमकं काय करू? खर्चाला तयार आहे पण उगाच विष ओतायचं नाहीये.

खुंटकलम:
दादा, बाग काढायच्या आधी एक काम करा, निमॅटोडची म्हणजे मुळांवर जगणाऱ्या सूक्ष्म सूत्रकृमींची टेस्ट. झाडं उभी आहेत तोवर सॅम्पल चांगलं मिळतं कारण हा किडा जिवंत बारीक मुळ्यांवरच बसलेला असतो. खोडाजवळून नाही, झाडाच्या घेराखालून घ्या, फूटभर खोलीपर्यंतची माती आणि सोबत मूठभर पांढऱ्या मुळ्या, दहाबारा झाडांखालून थोडी थोडी घेऊन एकत्र करायची. आणि नेहमीच्या माती परीक्षणासाठी आपण माती वाळवतो तशी ही वाळवायची नाही, वाळली की निमॅटोड मरतात आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलसर, सावलीत ठेवून लगेच लॅबला द्या.

तुम्ही सांगताय ती लक्षणं लिंबूवर्गीय सूत्रकृमीशी जुळतात, टायलेंक्युलस सेमिपेनिट्रान्स म्हणतात त्याला. झाड एकदम मरत नाही, हळूहळू ढासळत जातं. पण शेंडे वाळणं फायटोफ्थोरा या मातीतल्या बुरशीमुळेपण होतं, खोडावर डिंक्या, म्हणजे डिंक गळताना दिसतोय का ते बघा. कोण आहे ते कळल्याशिवाय औषध ठरवू नका एवढंच सांगेन, कारण निमॅटोडवर चालणारं बुरशीवर चालेलच असं नाही.

वापसा:
वरच्यांशी सहमत. मी फ्युमिगेशनचं जवळून पाहिलेलं सांगतो कारण लोकांना वाटतं गॅस सोडला की जमीन शुद्ध झाली, तसं अजिबात नाहीये. गॅस मातीतल्या पोकळीतून पसरतो. माती चिखल असेल तर पोकळ्या पाण्याने भरलेल्या, गॅस पुढे सरकतच नाही, आणि अगदी कोरडी असेल तर भसकन वर उडून जातो. म्हणजे बरोबर वापसा पाहिजे, मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा. ढेकळं राहिली तर ढेकळाच्या आत गॅस जात नाही आणि आतले निमॅटोड मजेत जगतात. जुन्या जाड मुळ्यांचंपण तेच, त्यांच्या पोटात बुरशी सुरक्षित राहते. म्हणून खरं काम आधीचं आहे, झाड बुडासकट काढणं, सबसॉयलर (खोल जाणारं नांगरासारखं अवजार) घालून खालचा कडक थर फोडणं, वर आलेल्या मुळ्या माणसं लावून वेचून शेताबाहेर नेणं, मग उन्हाळाभर जमीन तापू देणं. हे नीट केलं नाही तर गॅसचे पैसे मातीत गेले समजा.

औषधांचं म्हणाल तर पूर्वी सगळीकडे मिथाइल ब्रोमाइड वापरायचे, ते ओझोन थर खातं म्हणून मॉन्ट्रियल करारात येऊन विकसित देशांत 2005 पर्यंत आणि बाकीच्यांत 2015 पर्यंत बंद झालं, क्वारंटाइनसारख्या थोड्याच कामांना सूट राहिली. आता जगात डायक्लोरोप्रोपीन, क्लोरोपिक्रिन, मेटाम सोडियम, डॅझोमेट हे वापरतात. पहिलं मुख्यतः निमॅटोडवर, दुसरं बुरशीवर जास्त चालतं. डॅझोमेट दाणेदार असतं, ओलाव्यात त्याचा गॅस होतो, पण तो फार खोल जात नाही. तुमच्याकडे यातलं कशाला आणि कोणत्या पिकाला परवानगी आहे ते आधी तपासा. आणि हे स्वतः करायचं काम नाही, क्लोरोपिक्रिन पहिल्या महायुद्धात लढाईत वापरलेला गॅस आहे. ट्रेनिंग घेतलेली माणसं, मास्क आणि वरून प्लॅस्टिक कव्हर, याशिवाय हात लावू नका.

फॉर्मॅलिनचा नाद सोडा. ते कॅन्सरकारक म्हणून नोंदलेलं आहे, उघड्यावर ओतताना ओतणाऱ्याच्याच नाकात जातं.

हिरवी_फांदी:
एक गोष्ट कोणी बोललं नाही. गॅसने चांगली बुरशीपण मरते, मायकोरायझा. लिंबूवर्गीय झाडं फॉस्फरस घ्यायला तिच्यावर फार अवलंबून असतात, फ्युमिगेट केलेल्या नर्सरीत रोपं खुरटली आणि मायकोरायझा दिल्यावर उठली हे जुन्या अभ्यासांत चांगलं नोंदलेलं आहे. म्हणजे केलंच तर लावताना मुळाशी मायकोरायझा हवाच. शिवाय नायट्रेट बनवणारे जिवाणू मेल्यामुळे अमोनिया साठतो, त्यामुळे सुरुवातीला युरियाचा मारा करू नका. गॅस पूर्ण निघाला का हे बघायला बरणीत ओलसर माती भरा, वर ओल्या कापसावर अळीव ठेवून झाकण घट्ट लावा, शेजारी गॅस न दिलेल्या मातीची तशीच बरणी. दोन्हीत सारखं उगवलं तरच लागवड.

मला विचाराल तर दादा, गॅसशिवाय बरंच होतं. सगळ्यात कडक उन्हात ओल्या जमिनीवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चार ते सहा आठवडे, कडा मातीत दाबून, काळं नाही, पारदर्शकच. त्याने तापणाऱ्या मातीची ताकद वरच्या साधारण वीतभर थरात असते, झाडाच्या खोल मुळांना एकट्याने पुरत नाही हे मान्य. पण मध्ये एकदोन वर्षं दुसरी पिकं घ्या, या निमॅटोडला लिंबूवर्गीय सोडून फार थोडीच झाडं चालतात, द्राक्ष, ऑलिव्ह अशी. उपाशी पडला की संख्या उतरते, हळू उतरते पण उतरते. नंतर मोहरी फुलावर असताना बारीक कुटून लगेच मातीत गाडा आणि पाणी द्या, कुटून तशीच ठेवलीत तर तिचा निमॅटोडला मारक गॅस हवेत जातो.

मोकळा_बांध:
सगळ्यांचे खूप आभार, आधी टेस्ट करतो. खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर मोसंबीचं कलम बांधतात तो, बदलला तर फरक पडेल का? आमची जुनी झाडं जंबेरी लिंबाच्या खुंटावर आहेत.

खुंटकलम:
पडेल, भरपूर. जंबेरी या निमॅटोडला आणि डिंक्याला दोन्हीला बळी पडते. ट्रायफोलिएट आणि स्विंगल हे खुंट निमॅटोडला बरेच दाद देत नाहीत, पण चुनखडीच्या, जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत पानं पिवळी पडतात, तिथे ते नकोत. म्हणून सामू आणि मुक्त चुना दोन्ही तपासून घ्या, मग खुंट. आणि रोपं घेताना पिशवीतल्या मुळ्या धुवून बघा, मुळ्यांना माती चिकटून राहिलेली, धुवूनही निघत नसेल तर शंका घ्या, या किड्याच्या अंड्यांच्या चिकट पुंजक्यांमुळे तसं होतं. जमीन स्वच्छ करून रोपातूनच परत आणलात तर सगळं पहिल्यापासून.