गोंगाटातलं रॅप समोर उभं राहून ऐकलंय? अनुभव लिहा

रॅप म्हटलं की ठेका आणि शब्द. ठेक्याच्या जागी कर्कश आवाज आले की काय होतं, ते हेडफोनवर कळत नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी असा कार्यक्रम पाहिलाय त्यांनी लिहा, आवडला नसेल तरी लिहा.

सुरुवात मी करतो. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात डेथ ग्रिप्स हा रॅप बँड पाहिला. हे सॅक्रामेंटोचे. २०१२ मध्ये रेकॉर्ड कंपनीला न जुमानता अख्खा अल्बम नेटवर फुकट टाकून देणारे. रंगमंचावर तिघंच, दोन गाण्यांच्या मध्ये चकार शब्द नाही. लाल उजेड मागून येत होता, त्यामुळे त्यांचा रॅपर एमसी राइड म्हणजे नुसती काळी आकृती. माझी नजर मात्र ड्रमवाल्या झॅक हिलवर खिळलेली. मी पुण्यात चार वर्षं पथकात ताशा वाजवलाय. तर्री, म्हणजे न थांबता पडणारे वेगवान ठोके, धरून ठेवताना मनगट कधी दगा देतं ते मला ठाऊक आहे. या माणसाचं मनगट थांबेचना!

तिसऱ्या गाण्याला गर्दीत मी खाली पडलो. दोघांनी बगलेत हात घालून उचललं. एकाने माझा बूट डोक्यावर उंच धरला, "कुणाचा?" मी हात वर केला, तर माणसांनी कडं करून मला नाडी बांधू दिली. इतक्या आवाजात इतकी माया मी पूर्वी अनुभवली नव्हती.

— — —

छान लिहिलंत. पण शीर्षकातल्या 'गोंगाट' शब्दाला माझी हरकत आहे.

मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. असंच रॅप करणारा डायलेक हा बँड मी पाहिला. ते आमच्या शेजारच्या न्यूअर्कचे, पहिली रेकॉर्ड १९९८ ची. लहानशी जागा, शंभरेक माणसं, धक्काबुक्की अजिबात नाही, बरेचजण डोळे मिटून उभे. हातातल्या प्लास्टिकच्या पेल्यात पाण्यावर बारीक वलयं उठत होती. पहिली दहा मिनिटं एक शब्द कळेल तर शपथ. मग कान सरावले आणि त्यांच्या रॅपरचा, विल ब्रूक्सचा जड, संथ आवाज वेगळा ऐकू यायला लागला. सायरन, घासल्यासारखे आवाज हे सगळं पब्लिक एनिमी या रॅप गटाचं संगीत रचणाऱ्या बॉम्ब स्क्वाडने ऐंशीच्या दशकातच रॅपमध्ये आणलं होतं. डायलेक त्याच वाटेवर पुढे खूप लांब चालत गेले. त्यातला प्रत्येक आवाज जागेवर बसवलेला असतो. गोंगाट म्हणजे कुणी न बसवलेला.

— — —

मी लेकीबरोबर गेले होते. तिला डवीड डिग्ज आवडतो, २०१६ चा टोनी हा नाट्यपुरस्कार मिळालेला ब्रॉडवेवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरचा नट. त्याचा क्लिपिंग हा त्रिकुटाचा रॅप बँड लॉस एंजेलिसचा, त्यांच्याच कार्यक्रमाला. येताना गाडीत ती म्हणाली, "आई, तो गाण्यात कधी 'मी' म्हणत नाही, लक्षात आलं?"

मी रविवारच्या मराठी शाळेत व्याकरण शिकवते, त्यामुळे हे ऐकून कान टवकारलेच. जिथे जो तो स्वतःबद्दल बोलतो, त्या कलेत प्रथमपुरुषच काढून टाकायचा! आणि खाली ठेका म्हणून काय, तर गजराच्या घड्याळाची टीं-टीं. पहिल्या मिनिटाला नको नको झालं. नंतर त्याच टीं-टींवर माझा पाय कधी हलायला लागला, मला कळलं नाही. लेकीने पाहिलं आणि माझा हात धरला.

— — —

सगळ्यांना कळकळीने सांगते, कानात बोळे घालून जा. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचेसुद्धा चालतील. उघड्या कानांनी ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तास राहिलेलं चालतं, १०० च्या आवाजात जेमतेम पंधरा मिनिटं, असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्याच्या शिफारशी सांगतात. अशाच एका रात्रीनंतर माझ्या डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते, दोन वर्षं झाली. अजून जाते कार्यक्रमांना, पण बोळे घालून, स्पीकरपासून लांब.

— — —

ताई, काळजी घ्या. मी त्या रात्री बोळ्यांशिवाय गेलो होतो, यापुढे नाही. आणि एडिसनकर, 'गोंगाट' मागे घेतो. डायलेक पुन्हा वाजवणार असतील तर कळवा, मी विमानाचं तिकीट काढतो.