भेट-अदलाबदलीच्या सुरीला मूठ कोणती लावू? रविवारी पाठवायची आहे

तापीकाठ (जळगाव)
मदत हवी आहे, जरा घाई आहे. आपल्या चाकू बनवणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये भेटींची अदलाबदल चालू आहे. चिठ्ठीत ज्यांचं नाव मला आलं त्यांनी पसंतीत एवढंच लिहिलंय: "स्वयंपाकाची सुरी, कार्बन स्टील चालेल, वजन जास्त नको, मूठ भरीव हवी, नक्षीकाम नको." पातं पाट्याचं (गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीचं) आहे, पाणी देऊन (लाल तापवून झटकन थंड करून) आणि टेंपर करून (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताचं तापवून) तयार आहे. घरात अंजन आणि शिसमाचं लाकूड आणि काळा मायकार्टा (राळेत दाबलेल्या कापडाच्या थरांचा ठोकळा) आहे. यातलं काय लावू? रविवारी कुरियरला टाकायची आहे.

घणऐरण (धुळे)
आधी माप सांगा ना भो. लांबी, रुंदी, पाठीची जाडी आणि धारेजवळ किती जाडी शिल्लक आहे ते. "वजन जास्त नको" म्हणणाऱ्याच्या बाबतीत मुठीचा प्रश्न नंतरचा, पात्याचा आधी. पाटा नवा होता की गाडीतून उतरवलेला? टँग (पात्याचा मुठीत जाणारा भाग) पूर्ण की अर्धा?

बेअरिंग५२
पाटा घेतलाच कशाला? स्वयंपाकाच्या सुरीला ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद. १ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. पाट्यात कार्बन ०.६ च्या आसपास, त्याची धार भाजीला टिकत नाही. वेळ असेल तर नवीन पातं करा.

तापीकाठ
नवीन पातं होणार नाही. लांबी १८० मिमी, रुंदी ४४, पाठ ३.५, धारेजवळ १ च्या आसपास. पूर्ण टँग, तीन भोकं पाडलेली. पाटा जुना, ट्रकचा. मूठ सांगा फक्त.

घणऐरण
३.५ ची पाठ आणि धारेला १ मिमी म्हणजे नारळ फोडायचं हत्यार झालं. कांदा कापला जाणार नाही, दुभंगेल. हिशेब करा: १८० बाय ४४ ची सरळ पट्टी ३.५ जाडीला साधारण २१७ ग्रॅम भरते, तीच २.३ ला १४३. उतार काढला की दोन्ही आकडे खाली येतात, पण फरक हातात कळण्याइतका राहतो. तो मूठ बदलून भरून निघणार नाही.

टाचेपाशी (पात्याच्या मुठीकडच्या टोकाला) पाठ २.३ ते २.५ ठेवा, टोकाकडे १.२ पर्यंत उतरत न्या. धारेमागे ०.३. धार लावताना दर बाजूला १५ अंश.

पाणी दिलेल्या पात्यावर घासायचा बेल्ट चालवायचा तर ६० नंबरचा कोरा बेल्ट घ्या. झिजलेला बेल्ट कापत नाही, नुसता तापवतो. हातमोजे न घालता धरा आणि दर फेरीला बादलीत बुडवा. बोटाला चटका बसायच्या आत पाण्यात गेलं पाहिजे. धार पातळ होत जाते तसतशी ती लवकर तापते, शेवटचा अर्धा मिमी तर क्षणात. टेंपर २०० अंशांवर केलेलं असेल तर गव्हाळी रंग दिसला तिथेच थांबा. निळा दिसला म्हणजे ते २९० च्या पुढे गेलं, तेवढा भाग नरम झाला. तो घासून काढण्यावाचून उपाय नाही.

कानस४०
जुना पाटा म्हणताय तर आधी तडे बघा. वर्षानुवर्षं वाकून उलगडून पाट्यात केसासारखे तडे पडतात, पाणी दिल्यावर ते उघडतात. पातं रॉकेलमध्ये १५ मिनिटं ठेवा, फडक्यानं कोरडं पुसा आणि त्यावर खडूची पूड घासा. तडा असेल तिथे रॉकेल वर झिरपून खडूवर गडद रेघ उमटते. पाठीकडून आणि टँगच्या भोकांच्या कडेनं नीट बघा. रेघ दिसली तर ते पातं भेट द्यायचं नाही.

बेअरिंग५२
म्हणूनच म्हणतो, पाटा नकोच.

घणऐरण
ईएन ३१ ला ८३० अंशांच्या आसपास १० मिनिटं स्थिर धरावं लागतं, नाहीतर क्रोमियमचे कार्बाइड (कडक कण) विरघळत नाहीत. कोळशाच्या भट्टीत ते जमत नाही. पात्याला चुंबक चिकटायचं बंद झालं की ७७० झालं एवढंच कळतं, पुढचं डोळ्यांवर. पाटा या बाबतीत माफ करतो. चुंबक सुटल्यावर थोडं वर न्या, ५०-६० अंशांच्या कोमट तेलात टाका, २०० ला दोन-दोन तास दोनदा टेंपर करा. ५८ रॉकवेलपर्यंत (कडकपणाचं माप) मिळतं आणि घरच्या सुरीला ते पुरतं.

बेअरिंग५२
पुरतं आणि आवडतं यात फरक आहे. घेणारेही चाकू बनवणारेच आहेत, धार किती दिवस राहते ते ते बघणारच.

कानस४०
त्यांनी लिहिलंय "वजन जास्त नको." धारेबद्दल एक शब्द नाही. लिहिलंय ते वाचा, आपल्याला आवडतं ते त्यांच्या गळ्यात बांधू नका. तापीकाठ, ते डावखुरे आहेत का? आणि मुठीचा आकार कोणता धरलाय?

सातपुडा_शिंग (शहादा)
मुठीला सांबरशिंग लावा. ओल्या हातातून सटकत नाही आणि दिसतंही भारी.

घणऐरण
अजिबात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबर-चितळाचं शिंग बाळगणं आणि देणं-घेणं गुन्हा आहे, जंगलात गळून पडलेलं असलं तरी. कुरियरमध्ये सापडलं तर पाठवणारा आणि घेणारा दोघंही अडकतील. तसंच हवं असेल तर उंटाचं हाड किंवा म्हशीचं शिंग वापरा.

तापीकाठ
शिंग नकोच. मुठीचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा, उजव्या हाताच्या बोटांखाली फुगवटा येईल असा. पट्ट्या तशा कापूनही ठेवल्यात. डाव्या-उजव्याचं ठाऊक नाही, चिठ्ठी गुप्त आहे, विचारणार कसं?

कानस४०
चिठ्ठ्या काढणाऱ्यांना विचारा, ते तुमचं नाव न सांगता विचारून देतील. डी मूठ डाव्या हातात उलटी बसते, फुगवटा बोटांखाली न येता तळव्यात टोचतो. तळव्याची रुंदीही विचारून घ्या. त्यात २५ ते ३० मिमी मिळवले की मुठीची लांबी. "भरीव" म्हणजे जाडी २२ ते २४ धरा, उंची २८.

यावलची_सुरी
ते राहतात कुठे? रावेर-यावलकडे असतील तर कच्च्या केळीचा चीक कार्बन पात्यावर काळे डाग पाडतो आणि तो काळा भाजीला लागतो. वांग्याचंही तसंच. मी तर स्टेनलेसच म्हणेन. १४सी२८एन घ्या, गंजाची कटकट नाही.

घणऐरण
त्याला १०५० अंशांच्या वर तापमान लागतं, तेही मोजून धरलेलं. घरच्या भट्टीचं ते काम नाही, भट्टीवाल्याकडे द्यावं लागेल. आणि त्यांनी स्वतः लिहिलंय, कार्बन चालेल. डागांवर उपाय आहे. शेवटचा ४०० नंबरचा पेपर मारून झाला की पातं साबणानं धुवा, हाताचं तेल राहू देऊ नका. कोमट व्हिनेगरमध्ये १०-१५ मिनिटं ठेवा, काळसर थर पुसा आणि हेच दोन-तीनदा करा. राखाडी थर बसला की कांदा तपकिरी पडत नाही, चीकही कमी धरतो.

गावकरी_विळी
खानदेशातल्या स्वयंपाकघरात विळी चांगली असताना सुरी देताच कशाला? विळीचं पातं पाट्याचं असलं तर फारच छान. पाट (लाकडाचा) बाभळीचा करा, पाय ३ इंच ठेवा.

यावलची_सुरी
दादा, त्यांनी सुरी मागितली आहे.

तापीकाठ
निरोप आला. डावखुरे आहेत, रावेरकडचेच, तळवा ९० मिमी. तडे बघितले, रेघ नाही. पातं २.४ पर्यंत आणलं, धारेमागे ०.४ आहे, अजून घासतोय. आता तरी मूठ सांगा.

कानस४०
आता सांगता येईल. मुठीची लांबी १२०. आकार अष्टकोनी किंवा दोन्ही बाजूंनी सारखा लंबगोल, कोणत्याही हातात बसतो. धार एका बाजूला जास्त काढली असेल तर दोन्हीकडे सारखी करा. उजव्या हातासाठी झुकवलेली धार डाव्या हातात तिरकी पळते.

वजन बघा. १२० बाय २८ बाय ९ च्या दोन पट्ट्या, आकार द्यायच्या आधी: शिसम साधारण ४८ ग्रॅम, अंजन ६० च्या पुढे, मायकार्टा ८० च्या पुढे. अंजन पाण्यात बुडतं एवढं जड, मायकार्टा त्याहून जड. हलकी हवी म्हणाले, पातं तुम्ही पातळ केलंत, मग मायकार्टा लावला तर सगळा तोल मागे जाईल. शिसम लावा.

सातपुडा_शिंग
अंजन आपल्या भागाचं लाकूड आहे. जुन्या घरांच्या खांबांतलं मिळतं, वाळवी लागत नाही, पॉलिशला मऊ तांबडं येतं. भेट म्हणून तेच शोभेल.

कानस४०
शोभतं, मान्य. मग टँग मागच्या टोकाकडे ३.५ वरून १.५ पर्यंत निमुळता करा, २५ ग्रॅमच्या आसपास जातात. टँगमध्ये ८ मिमीची पाच भोकं पाडून जेमतेम ७ ग्रॅम जातात, शिवाय पाणी दिलेल्या टँगला कार्बाइडचं ड्रिल लागतं.

घणऐरण
अंजन असो की शिसम, या उन्हात चिकटवताना सांभाळा. ४२-४४ अंशांत अ‍ॅराल्डाइट कालवल्या कालवल्या घट्ट होतं, म्हणून पहाटे लावा आणि थोडं थोडं कालवा. ५ मिनिटांचं वापरू नका, ते गरम पाण्यानं सुटतं. २४ तासांचं घ्या. टँग आणि पट्ट्या ८० नंबरनं खरवडून अ‍ॅसिटोननं पुसा. क्लॅम्प हातानं घट्ट एवढाच आवळा, जोर लावला तर डिंक सगळा बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो. पितळी सळई ५ मिमी, भोक ५.१ ते ५.२. सळया बेल्टवर सपाट करताना दर दोन सेकंदांनी थांबा. पितळ तापलं की आतला डिंक सुटतो, ते बाहेरून दिसत नाही, सहा महिन्यांनी मूठ हलायला लागते.

तापीकाठ
ठरलं. अंजन, अष्टकोनी, टँग निमुळता. शुक्रवारी पहाटे चिकटवतो. लाकडाला जवसाचं तेल चालेल ना?

कानस४०
कच्चं जवसाचं तेल सुकायला आठवडे लागतात, रविवारपर्यंत मूठ चिकट राहील. ६०० नंबरपर्यंत घासून मधमेणाचा पातळ हात द्या, अंजनाला तेवढं पुरतं. पात्यावर शेंगदाण्याचं किंवा खोबरेल लावून पाठवू नका, खवट होतं. मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन लावा. चामड्याच्या म्यानात बंद करून पाठवलं तर कमावलेल्या चामड्यानं कार्बन गंजतो. पुठ्ठ्याचं म्यान करा, टोकाला बुच खोचा, वरून दोन थर टेप. सोबतच्या चिठ्ठीत एक ओळ लिहा: धुवून लगेच पुसा.

यावलची_सुरी
आणि एक रुपयाचं नाणं चिकटवा. धारेची वस्तू भेट दिली की घेणारा ते परत देतो, म्हणजे विकत घेतल्यासारखं होतं. अदलाबदलीत बरेच जण पाळतात.

तापीकाठ
नाणं टाकतो. धारेमागे ०.३ झालं, अजून निळं कुठे आलं नाही. फोटो शनिवारी.