कायरल स्क्रीनिंगचा डेटा ठेवायचा की नाही? (फेल गेलेल्या रन्ससकट!)

शिरीष_लॅब: परवा इथे एकाने लिहिलं की कायरल स्क्रीनिंगचा (मॉलिक्यूलची एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेली दोन रूपं कोणत्या कॉलमवर, म्हणजे गाळणाऱ्या नळीवर, वेगळी होतात ते बघण्याचा) डेटा जपणं म्हणजे वेळ वाया, रात्री एसएफसीवर (सुपरक्रिटिकल कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या मशीनवर) कॉलम लावून घरी जा, सकाळी उत्तर तयार. अहो पण तोच मॉलिक्यूल, फक्त फ्लोरोच्या जागी क्लोरो, शेजारच्या टीमने आधीच केलेला असतो! आणि एक्सेलमध्ये काय ठेवतात, तर फक्त जमलेली मेथड. ओजे-एच कॉलमवर एकच पीक (शिखर) आला, म्हणजे दोन रूपं सुटलीच नाहीत, हे कुणी लिहीतच नाही, मला तेच आधी हवं असतं.

रात्रपाळी: ते मीच लिहिलंय आणि मागे घेणार नाही. एवढ्याशा बदलाने कॉलममधून आधी येणारा एनँशिओमर (त्या दोन रूपांतलं एक) नंतर येतो, हे मी पाहिलंय. जुन्या शीटवर विसंबून चुकीचा आयसोमर पुढे गेला तर जबाबदार कोण?

मेडकेम_ताई: सीआरओमध्ये (दुसऱ्या कंपन्यांसाठी संशोधन करून देणाऱ्या कंपनीत) डेटा क्लायंटचा असतो हो, स्ट्रक्चर कुणाला दाखवायचं?

शिरीष_लॅब: बाहेर द्या कुठे म्हणतोय, ताई? आपल्याच कंपनीत तरी दिसू दे. छापून आलेली सेपरेशन्स स्ट्रक्चरवरून शोधता येतील अशी फ्रान्समधल्या मार्सेयच्या लोकांनी कायरबेस या डेटाबेसमध्ये केव्हाच जमवली.

जुना_कॉलम: डेटा राहू द्या, कॉलमवर काय काय चाललं त्याची वही कोण लिहितं ते सांगा! आमच्याकडे एका मुलाने सॅम्पल विरघळेना म्हणून डीसीएममध्ये (डायक्लोरोमिथेन या सॉल्व्हंटमध्ये) करून सरळ एडी-एच कॉलमवर मारलं. कोटेड कॉलम तो, सिलेक्टर (रूपं वेगळी करणारा पदार्थ) नुसता लेपलेला, डीसीएमने निघून जातो; गेला कामातून. वर त्याच कॉलमवर चालवलेले पुढचे कितीतरी मॉलिक्यूल शीटमध्ये 'एडी-एच: सुटत नाही'.

रात्रपाळी: म्हणून म्हणतो आयए कॉलम घ्या, इमोबिलाइज्ड, म्हणजे सिलेक्टर पक्का जोडलेला, डीसीएम-टीएचएफसारखं सॉल्व्हंटही चालतं.

जुना_कॉलम: सिलेक्टर एकच असला तरी आयए आणि एडी-एच सारखं सोडवत नाहीत, हे तुम्हाला सांगावं लागतं? आणि अ‍ॅसिड चाललेल्या कॉलमवर नंतर डीईए (डायएथिलअमाइन, एक बेस) लावलं तरी जुना असर राहतो, तो कुठे लिहिलाय?

रात्रपाळी: आवाज चढवू नका. कॉलमचा सिरीयल नंबर आणि त्यावर आधी काय चाललं ते लिहिलेलं असेल तर फेल गेलेलं रेकॉर्ड बघेन. नसेल तर माझ्या लेखी तो कचराच.

शिरीष_लॅब: मग प्रत्येक सिक्वेन्समध्ये पहिलं इंजेक्शन ट्रान्स-स्टिल्बिन ऑक्साइडचं (कॉलम तपासायच्या नेहमीच्या सॅम्पलचं) लावा आणि तो क्रोमॅटोग्राम (पीकचा आलेख) रेकॉर्डला जोडा, कॉलम जिवंत होता का ते कळेल.

रात्रपाळी: एवढं मान्य. स्क्रीनिंग मात्र मी नव्यानेच करणार.

जुना_कॉलम: आणि वही?