मॅन्युअल की ऑटोमॅटिक : डाव्या पायाने नेमके काय करावे?

चाकधारी

सतरा वर्षे मॅन्युअल, म्हणजे डाव्या पायाने क्लच दाबून हाताने गिअर बदलायची गाडी चालवल्यानंतर गेल्या वर्षी मी आपणच गिअर बदलणारी ऑटोमॅटिक घेतली, आणि तेव्हापासून ‘आता यात चालवण्यासारखे उरले काय?’ हा प्रश्न इतक्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. माझे मत स्पष्ट आहे : रोजच्या वापरासाठी गाडी घेणाऱ्याने आज मॅन्युअलचा आग्रह धरण्याचे कारण उरलेले नाही.

मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रहदारीत गाडी दोन हात पुढे न्यायची तर क्लच दाबा, पहिला गिअर टाका, अर्ध्या क्लचवर गाडी हलवा, ब्रेक लावा, पुन्हा न्यूट्रल. सरावलेला चालक हे विचार न करता करतो हे खरे. पण विचार लागत नाही म्हणून श्रम लागत नाहीत असे नव्हे, आणि तासाभराने गुडघा ते सांगतोच. नवशिक्याची स्थिती तर याहून अवघड असते. चढावर मागे गाडी उभी असताना त्याचे निम्मे लक्ष आपली गाडी मागे सरकेल का, बंद पडेल का, याकडेच असते. ते लक्ष रस्त्यावर असायला हवे.

‘गिअर बदलण्यातच चालवण्याचे कौशल्य आहे’ असे म्हणतात, त्या मुद्द्याबद्दलही थोडे लिहितो. इंजिन ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच चांगली ताकद देते, म्हणून गिअर लागतात. गिअर ही इंजिनाची गरज आहे, चालकाची नव्हे. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश गिअरबॉक्स आणण्यापूर्वी गिअर कर्कश आवाजाविना बदलायचा तर क्लच दोनदा दाबण्याची कसरत करावी लागे. ती कसरत गेल्याचे दुःख आजचा कोणताही मॅन्युअलप्रेमी करत नाही. जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक ही ऑटोमॅटिक गिअरपेटी १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आली, म्हणजे ऑटोमॅटिक हे काही कालचे खूळ नाही. शर्यतींचे उदाहरण हवे असेल तर १९८९ साली फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टिअरिंगमागील, बोटांनी ओढायच्या पट्ट्यांनी गिअर बदलणारी गाडी उतरवली आणि नायजेल मॅन्सेल याने त्या गाडीची पहिलीच शर्यत जिंकली. गिअरच्या दांड्याशिवाय चालवणे म्हणजे चालवणे नव्हे, असे त्याला कोण सांगणार?

अर्धा_क्लच

मॅन्सेलचे उदाहरण आपण चुकीच्या पारड्यात टाकले आहे. त्या गाडीत क्लच दाबण्याचे श्रम यंत्राने घेतले, परंतु गिअर कधी बदलायचा हा निर्णय मॅन्सेलकडेच राहिला. पुढे काही हंगाम पूर्ण स्वयंचलित गिअरबदल चालवून घेतल्यानंतर फॉर्म्युला वनने २००४ पासून त्यावर बंदी घातली, ती याच कारणाने की तो निर्णय चालकाचा असावा. सिंक्रोमेशचेही तसेच आहे. माझा हात हलका करणारे यंत्र मला मान्य आहे. माझ्या वतीने ठरवणारे यंत्र नको, एवढेच माझे म्हणणे आहे.

हा फरक शाब्दिक नाही. पुढे वळणापलीकडे चढ आहे हे मला दिसते, म्हणून मी आधीच खालचा गिअर टाकतो. गिअरबॉक्सला ते कळते चढावर इंजिन दमू लागल्यावर. लांब उतारावर तर प्रकरण गंभीर होते. तिसऱ्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरून धरते. साध्या ‘डी’मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे नेहमीच्या स्थितीत) मात्र अनेक ऑटोमॅटिक गाड्या ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच वरचा गिअर टाकतात, मग चालक ब्रेकवर पाय ठेवूनच उतरतो, ब्रेक तापतात, त्यांची पकड कमी होते, आणि ब्रेकऑइल उकळले तर पेडल सरळ खाली जाते.

दुसरी गोष्ट पेडलच्या गोंधळाची. १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑटोमॅटिक गाड्या आपोआप सुसाट सुटल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. तेथील रस्तासुरक्षा विभागाने १९८९ च्या अहवालात बहुतेक घटनांचे कारण चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडणे हे सांगितले. मॅन्युअलमध्येही पाय चुकू शकतो, पण घाबरलेला माणूस दोन्ही पाय दाबतो आणि क्लच दाबला की इंजिन चाकांपासून सुटते. डाव्या पायाचा हा उपयोग आपल्या हिशेबात आलेला नाही.

तेलकट_हात

दोन्ही बाजू ‘ऑटोमॅटिक’ हे एकच यंत्र असल्यासारखे बोलत आहेत. गाड्यांच्या दुरुस्तीत हात काळे केलेला माणूस म्हणून सांगतो की त्या एका नावाखाली चार निरनिराळ्या पेट्या विकल्या जातात, आणि ग्राहक बहुधा ‘क्लच नाही ना?’ एवढेच विचारून सही करतो.

एएमटी म्हणजे तोच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि तोच कोरडा, म्हणजे तेलात न बुडवलेला क्लच. फक्त पायाचे आणि हाताचे काम मोटर किंवा तेलाचा दाब करतो. म्हणून ती स्वस्त पडते आणि इंधनही राखते. पण गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते आणि बसलेल्यांच्या माना डोलतात. चढावर ब्रेक न लावता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरण्याची सवय असेल तर आतला क्लच घासत राहतो, आणि तो पायाखाली नसल्यामुळे चालकाला पत्ता लागत नाही. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात, एक विषम गिअरांचा व एक सम गिअरांचा, त्यामुळे पुढचा गिअर आधीच तयार असतो आणि बदल डोळ्याचे पाते लवावे तसा होतो. मोकळ्या रस्त्यावर हिला तोड नाही. मात्र कोरड्या क्लचची डीसीटी सरकत्या रहदारीत तापते. सीव्हीटीमध्ये ठरावीक गिअरच नसतात, रुंद-अरुंद होणाऱ्या दोन पुलींवर पट्टा फिरतो. डाफ या डच कंपनीने १९५८ मध्ये रबरी पट्ट्यावर अशी गाडी चालवून दाखवली होती, आता पट्टा पोलादी असतो. चाल अतिशय मऊ, पण जोरात ॲक्सिलरेटर दिला की आधी आवाज वाढतो आणि वेग मागाहून येतो. काहींना हे अजिबात सोसत नाही.

चौथी टॉर्क कन्व्हर्टरची. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असते आणि ताकद त्यातूनच जाते, म्हणून गाडी सरकताना झिजणारे फारसे काही नाही. ‘ऑटोमॅटिक इंधन पिते’ ही ख्याती हिच्या जुन्या, तीन गिअरांच्या पिढीची आहे. आता आठ-दहा गिअर असतात आणि वेग घेतल्यावर आतला लॉकअप क्लच तेलातली घसरण बंद करतो, त्यामुळे तो आक्षेप बराच मागे पडला आहे. मात्र हिचे तेल ‘आयुष्यभर पुरते’ असे कोणी म्हणाले तर कोणाच्या आयुष्यभर, ते विचारावे.

अर्धा_क्लच

यातून माझीच बाजू बळकट होते. मॅन्युअलचा क्लच गेला की इंजिन गुरगुरते आणि गाडी उचलत नाही, म्हणजे तो सांगून जातो. बॅटरी उतरली तर चार जण ढकलून ती सुरू करतात. ऑटोमॅटिक ढकलून सुरू होत नाही, आणि इंजिनाची ताकद ज्यांना मिळते ती चाके जमिनीवर ठेवून ओढून नेली तर, इंजिन बंद असल्याने पेटीला तेल न पोचून, ती आतून खराब होऊ शकते.

उजवा_पाय

माझ्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे. माझ्यापुरता हा वाद तेथेच संपतो, त्यामुळे कौशल्याची भाषा जरा जपून वापरावी ही विनंती. बदल करणाऱ्यांसाठी एक सूचना : पहिल्या आठवड्यात डावा पाय सवयीने क्लच शोधतो आणि रुंद ब्रेकवर आदळतो. तो पाय मागे ओढून ठेवावा. नव्याने शिकणाऱ्यांनी परवान्याचा नियमही पाहावा. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर त्या परवान्यावर मॅन्युअल चालवता येत नाही.

चाकधारी

उताराचा मुद्दा मला मान्य आहे. मी स्वतः उतारावर ‘एम’ (मॅन्युअल) लावून खालचा गिअर धरतो, पण दांड्यावरचा ‘एम’ किंवा ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गिअर) कशासाठी असतो हे माहीत नसलेले ऑटोमॅटिक चालक मी पाहिले आहेत. मॅन्सेलबाबतही अर्धा_क्लच यांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु कार्यालय गाठणाऱ्याचा निर्णय आणि शर्यत जिंकणाऱ्याचा निर्णय एकाच तराजूत घालू नये. मला दर दहा सेकंदांनी दुसरा की पहिला हे ठरवायचे नसते, शेजारचा दुचाकीस्वार कोठे वळणार ते पाहायचे असते.

तेलकट_हात यांच्यासाठी एक प्रश्न. माझी बहीण पुढच्या आठवड्यात एएमटी पाहायला जाणार आहे. विक्रेता सपाट रस्त्यावर एक फेरी मारून आणतो. तिने आणखी काय करून पाहावे?

तेलकट_हात

चढावर थांबून ब्रेक सोडायला सांगा, गाडी किती मागे येते ते पाहा. मग चढावरच उलट गिअरमध्ये अरुंद जागेत गाडी लावून पाहू दे, एएमटीची खरी परीक्षा तेथे होते. आणि मागच्या आसनावर कोणाला तरी बसवा. गिअरबदलाचा झटका चालवणाऱ्याला कमी आणि मागे बसणाऱ्याला जास्त जाणवतो.