मदत हवी आहे: वृश्चिक राशीचा टॅटू, आजीच्या गोंदणातला विंचू आणि मूळ नक्षत्राचा पेच

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. डाव्या हातावर आतल्या बाजूनं वृश्चिक राशीचा टॅटू काढायचं पक्कं केलं आहे, पण डिझाइनवर गाडी अडली आहे.

माझा जन्म जुलैचा, पत्रिकेत नक्षत्र अनुराधा, म्हणून रास वृश्चिक. यवतमाळला टॅटूवाल्याकडे गेले तर त्यानं जन्मतारीख विचारली आणि कर्केचा खेकडाच समोर ठेवला. तो तारखेवरून सूर्याची रास सांगत होता, आपल्याकडे जन्मवेळचा चंद्र बघतात, हे समजावण्यातच बराच वेळ गेला. मग वृश्चिकेचं म्हणून त्यानं इंग्रजी 'एम'ला बाणाची शेपटी लावलेलं चिन्ह दाखवलं. ते मला नको. ते मला माझं वाटतच नाही.

मला हवा तो विंचू माझ्या आजीच्या हातावर होता. गोंदणारीण दारावर यायची तेव्हा काजळीनं टोचून घेतलेला: मधोमध रेघ, दोन्ही अंगांना ठिपक्यांचे पाय, वर वळलेली नांगी. आजी म्हणायची, "सोनंनाणं इथंच रायते बाई, गोंदन तेवढं संगं येते." तसंच झालं. तो विंचू तिच्यासंगं गेला, माझ्याकडे त्याचा साधा फोटोही नाही.

उन्हाळ्यात अंगणात बाजेवर पडलो की तीच दक्षिणेकडे बोट करून आभाळातला विंचू दाखवायची. डोक्याशी अनुराधाच्या चांदण्या, छातीत तांबडी ज्येष्ठा, खाली गोल वळलेली शेपटी. म्हणून मनात असं आहे की ठिपके आजीच्या गोंदणासारखे, पण त्यांच्या जागा आभाळातल्या चांदण्यांच्या.

पेच शेपटीचा आहे. राशीच्या हिशेबात वृश्चिक विशाखाच्या शेवटच्या चरणापासून ज्येष्ठापर्यंत. आभाळातल्या विंचवाची शेपटी म्हणजे मूळ नक्षत्र, आणि ते धनू राशीत मोजतात. मूळ अशुभ मानतात, म्हणून आई ऐकायलाच तयार नाही. "आंगावर मूळ नोको घेऊ बाप्पा," एवढंच म्हणते. तिचं मन मोडून मला काही करायचं नाही, पण नांगीशिवाय तो विंचू कसा दिसणार? शेपटीत ठिपके न देता नुसती रेघ वळवली तर चालेल का? पत्रिका जाणणाऱ्यांनी जरूर सांगावं.

ज्येष्ठेसाठी एकच लाल ठिपका द्यायचा आहे. माझा रंग सावळा. लाल शाई अशा कातडीवर किती वर्षं उठून दिसते? लाल रंगानं ॲलर्जी होण्याचं प्रमाण जास्त असतं, हे माहीत आहे, म्हणून ज्यांनी लाल काढून घेतला त्यांचा अनुभव हवा. शिवाय आजीचे ठिपके म्हातारपणी हिरवट होऊन एकमेकांत पसरले होते. ते टाळायला दोन ठिपक्यांत अंतर किती ठेवू?

वेळेचंही सांगा. जखम भरेपर्यंत दोन-तीन आठवडे हात धूळ-उन्हापासून जपायचा, आणि सीतादही (वेचणी सुरू करतानाची शेतातली पूजा) झाली की मी रोज कापसाच्या वेचणीला. बोंडाची टोकं नेमकी त्याच जागी खरचटतात. पोळ्यानंतर लगेच काढू, की वेचणी आटोपल्यावर?

आणि एक विनंती. तुमच्या घरी कोणा आजीच्या हातावर गोंदलेला विंचू असेल तर तिला विचारून कागदावर उतरवून इथं टाका. पाय किती ठिपक्यांचे होते, तेच मला नीट आठवत नाही.