पानं चिकटवताना मुलगी "हे दे, ते लाव" यापलीकडे बोलतच नाही

प्रश्न
मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. पानगळ लागल्यापासून रोज फ्रॉकचा ओचा भरून पानं आणते, आम्ही ती कागदावर चिकटवतो. वाटलं होतं, त्या निमित्ताने बोलती होईल. पण "हे दे", "ते लाव", बास. "हा रंग कोणता?" विचारलं की "पिवळा", पुढे गप्प. ऐकू नीट येतं, तपासून घेतलंय. माझं काय चुकतंय?

उत्तर १
बालवर्गात बावीस वर्षं काढली, म्हणून सांगते. "रंग कोणता" ही परीक्षा झाली, गप्पा नाहीत. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे हे तिलाही कळतं.

चिकटवणं जरा बाजूला ठेवा. पान कागदाखाली घालून वरून मेणखडू घासा. शिरा उठून दिसतात ती पाठची बाजू वर हवी, खडू आडवा धरायचा. (मी पहिल्यांदा पान सुलटं ठेवून नुसताच कागद रंगवत बसले होते.) शिरा उमटायला लागल्या की आपणच हळूच म्हणायचं, "अगं, देठ आला! ही कड दातेरी दिसतेय." मग थांबायचं. मनात दहापर्यंत मोजा. यातच खरी कसोटी, आपली जीभ शिवशिवते. ती "पान फाटलं" म्हणाली, तर "हो गं, वाळकं पान टोकाशी फाटलं." चूक काढायची नाही, तिचंच वाक्य थोडं वाढवून परत द्यायचं.

आणि "ते लाव" म्हणाली की कुठेही लावा! मी एकदा स्वतःच्या नाकाला लावलं. एक अबोल पोरगा किंचाळला, "नाकाला नाही, झाडाखाली, गवतावर!" एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

उत्तर २
नाकाचा प्रकार दर वेळी नको हां, माझा मुलगा चिडून उठून गेला. आम्ही आजोबांना फोन लावतो, व्हिडिओ नाही, साधा. कागदाची होडी कशी केली ते सांगायचं. आजोबांना दिसत नाही, त्यामुळे "असं केलं" चालत नाही. मग आपोआप "आधी घडी घातली, मग कोपरा दुमडला" येतं.

प्रश्नकर्ती
काल करून पाहिलं. दहापर्यंत धीर धरवला नाही, सहालाच बोलले. पण तिने देठाला "पानाची शेपटी" म्हटलं! सुधारू का?

उत्तर १
मुळीच नको. "हो, शेपटीसारखा देठ" म्हणा, दोन्ही शब्द नांदू द्या. चार पानं तशीच ठेवा. आठवड्याने वाळली की तिच्या हाताने चुरगळू द्या, "कुरकुरीत" तेव्हा सांगा.